डेड स्टॉक रजिस्टर

एकतीस मे. बाहेर सेहेचाळीस.
कूलरला नवा वाळा लावलाय,
तरी खोलीला जुना वास आहेच.
हेडाऊ बोलतात, मी लिहिते.
"चंचुपात्रं, बावीस. कड फुटलेली, पाच.
किप्स अपॅरेटस, एक. चालू हाय जी, कोणी लावत नाही."

लावत नाही खरंच.
सडक्या अंड्याच्या वासानं
इतवारीच्या बसमध्ये आमची पोरं ओळखू यायची,
आता शेजारच्या इमारतीत एक बंद पांढरं यंत्र आहे,
नमुना घालायचा, बटण दाबायचं,
पाण्यातलं फ्लोराइड कागदावर उमटून येतं.
चांगलंच आहे ते. त्या कागदामुळे
तीन गावांचे हातपंप लाल रंगवून बंद केले,
आणि पोरांचे दात वाचले.
पण त्या यंत्राला धुवायला कुणी लागत नाही.

चौतीस वर्षं या माणसानं काच धुतली.
डिसेंबरात नवी तुकडी आली की
डब्यातल्या संत्र्याची साल
बर्नरसमोर चिमटीत दाबायचा,
तडतड ठिणग्या उडायच्या आणि पोरी मागं सरायच्या.
माझा पहिला तास तिथंच होऊन जायचा,
फळ्यावर मी नंतर फक्त नाव लिहायची.

गोळीबार चौकातल्या रंगाऱ्याचा हा मुलगा.
बापाचे हात कोपरापर्यंत निळे.
"जर्मनीचा डबा आला आन् निळीची नांद गेली," म्हणतात,
तक्रार म्हणून नाही, पाऊस गेला म्हणावं तसं.
नांदेतून सूत निघायचं ते हिरवं,
हवेत धरलं की बघता बघता निळं.
"बाबा म्हणे, सुतानं श्वास घेतला."
वीस वर्षं मी ऑक्सिडेशन शिकवतेय.
इतकं नीट मला एकदाही सांगता आलं नाही.

कपाटाच्या तळाशी एक बाटली.
लेबल वाळवीनं खाल्लेलं.
हेडाऊ एक कण पाण्यात सोडतात.
जांभळा धागा खाली उतरतो, मग दोन, मग सगळा पेला.
"परमँगनेट. लिहा."
माझे आजोबा कांद्रीच्या खाणीवर वॅगनी मोजायचे,
काळा दगड जहाजानं जायचा,
आणि पटकीच्या साथीत, म्हणे,
विहिरीत टाकायची पुडी विलायतेहून यायची.
त्या पुडीत कांद्री होती की नव्हती
कोण सांगणार. विहीर गुलाबी झाली की
बाया आधी भ्यायच्या, मग प्यायच्या.

चार वाजले. आणखी एका तासानं
हेडाऊ निवृत्त.
"मॅडम," ते म्हणाले, कपाटाकडेच पाहत,
"एकदा मी करून पाहू का जी?"

मी काहीच बोलले नाही. स्टूल सरकवलं.
ऑक्झॅलिक त्यांनीच मोजलं, आम्ल त्यांनीच घातलं,
बोट लावून पाहिलं आणि हसले,
"आज नळाचंच पाणी निम्मं तापून हाय,
गॅस कमी लागन."
पहिला थेंब रुसून बसला. रंग जाईना.
हात थांबला. मग गेला.
दुसरा लवकर, तिसरा पडता पडता:
आधीच्या थेंबांतून जे उरतं
तेच पुढच्यांना वाट करून देतं.
हे त्यांना ठाऊक नव्हतं,
किंवा होतं, आणि मला ठाऊक नव्हतं.

मग एक थेंब, अर्धाच,
काचेच्या टोकावरून शंकूपात्राच्या कडेवर टेकवलेला.
फिकट गुलाबी. दोघं श्वास रोखून.
गेला नाही.

गडद रंगाचं वाचन वरच्या कडेवरून घ्यायचं.
मी सांगणार होते. ते आधीच वाकले होते.
"अठरा पॉइंट चार."

रजिस्टरात तीन रकाने: वस्तू, नग, शेरा.
आकडा मी शेऱ्यात लिहिला, कशासमोर ते बघितलं नाही.
वर पाहते तर हेडाऊ नळाशी,
शंकूपात्र तीनदा खळबळून
रॅकवर पालथं घालत होते.
त्यांच्या बोटांवरचे सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग
कुठल्या पानावर घ्यायचे, ते राहूनच गेलं.