काळजाच्या उंचीवर

यंत्राबरोबरच्या कागदावर सहा भाषा होत्या,
आपली नव्हती.
सुधाकरनने इंग्रजी वाचलं
आणि त्याच्या हिंदीत मला सांगितलं:
पाठ टेकव. पाय जमिनीला. मांडीवर मांडी नको.
चहा झाला असेल तर अर्धा तास थांब.
हात काळजाच्या उंचीवर.
आणि बोलायचं नाही.

सोहारच्या या खोलीत सहा कॉट, एक खिडकी.
टेबल नाही.
काळीज नेमकं किती उंचीवर असतं
ते बावन्न वर्षांत शोधायची वेळ आली नव्हती.
उशी ठेवली, खाली झालं.
सुधाकरनची बॅग ठेवली, वर झालं.
शेवटी कॉटखालून घरी धाडायचा खोका ओढला,
दूध पावडर, दोन ब्लँकेटं,
नातवाचे टाचेत दिवे लागणारे बूट.
त्यावर हात ठेवला
आणि जमलं.

पट्टा फुगतो.
स्लिंग ताणली जाते आणि ओझं अजून जमिनीवरच असतं
तो क्षण मला ओळखीचा.
मग सोडत जातो, हळू, फार हळू,
मी कंटेनर सोडतो जहाजाच्या पोटात
तसा, आवाज न करता.

एकशे अडुसष्ट. एकशे दोन.

तेकबहादूर म्हणाला,
आमच्याकडे एवढ्याला कुणी डोंगरसुद्धा म्हणत नाही.
सगळे हसले. मीही हसलो.
हसून मोजलं तर आणखी चार वाढले.

कंपनीच्या दवाखान्यातली सिस्टर म्हणाली,
सात दिवस. सकाळी दोनदा, रात्री दोनदा,
मधे एक मिनिट.
आलेला आकडा लिही, आवडलेला नको.
क्रेनवर चढायचं का, ते मग डॉक्टर ठरवतील.

तेव्हापासून रात्री साडेआठला
सहा माणसं माझ्यासाठी गप्प बसतात.
पत्ते हातात तसेच राहतात.
एसीचं पाणी बादलीत पडतं ते ऐकू येतं,
रात्रपाळीवाल्या इब्राहिमचा श्वास,
आणि खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत,
तिला आवाज नाही, पण ऐकल्यासारखी वाटते.

फोनच्या आधी एकशे शेहेचाळीस.
फोनच्या नंतर चौसष्ट.
जुलेखा भांडली नव्हती.
जेवलाव काय, एवढंच,
आणि धाकट्याच्या फीची तारीख.
आता आधी मोजतो, मग फोन लावतो.
बरे हाव ना, ती विचारते.
हो म्हणायला
मोजून झालेलं बरं असतं.

तिने अश्फाकबरोबर धाडलेले सुके बोंबील
बाकीच्यांनी खाल्ले. मस्त होते, मी तिला सांगितलं.
एका शुक्रवारी मात्र दोन भाजून घेतले,
मीठ धुवून, तरी खारटच.
दुसऱ्या सकाळचा आकडा खरा लिहिला.
शेजारी लिहिलं: बोंबील.
सिस्टरला ते वाचता आलं नाही.
मी सांगितलं: मासा.
ती म्हणाली, हा मासा तुला महाग पडेल.

गोळी सुरू झाली. सकाळी एक, नाश्त्याआधी.
दीड महिन्याने एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी.
कागदावर सही झाली. चढलो.
चाळीस मीटर वर, काचेच्या केबिनमध्ये,
समुद्र सपाट दिसतो
आणि कुणी मोजत नाही.

या गुरुवारी खोका गेला
अश्फाकच्या वजनात.
रात्री पाठ टेकली, पाय टेकले, पट्टा बांधला
आणि हात हवेत.
बाकाल्यातून रिकामा खोका आणला होता, तो दबला.
आत काही असल्याशिवाय
हात ठरत नाही त्यावर.
पगार रविवारी.

तेकबहादूर पत्ते खाली ठेवून आला,
जमिनीवर बसला,
माझं कोपर त्याने आपल्या तळव्यावर घेतलं,
थोडं वर, थोडं खाली,
मग तिथेच धरून राहिला.
कुणी बोललं नाही.

यंत्र वाजल्यावर म्हणाला,
तुझा हात कापत होता.
मी म्हटलं,
तुझा.