बाकी काही नाही

हाइके रात्री साडेआठला फोन करते.
तिच्याकडे तेव्हा पाच, आणि खिडकीत चिक्कार ऊन.
परक्यांना घर शोधून देणं हा तिचा धंदा. फी कंपनी भरते.
मी नरेंद्रनगरात, कूलरसमोर, ओल्या वाळ्याच्या वासात
लाइपझिगमधलं चौथं घर बघते आहे.
आई माझ्या खांद्यावरून. तिच्या चष्म्याची काडी माझ्या कानाला टोचते.

पहिलं ट्रामच्या वळणावर होतं. दुसऱ्याचं छत तिरपं.
तिसऱ्याच्या मालकानं माझं आडनाव दोनदा विचारलं
आणि मग कळवलं, घर गेलं.
ते सांगताना हाइकेनं फोन स्वतःपासून जरा दूर धरला होता.

आता ही लाकडी फरशी, ही न्हाणी,
आणि हे,
हाइके दार ढकलते, हे स्वयंपाकघर.

रिकामी खोली.
भिंतीतून आलेली नळाची दोन तोंडं, टोप्या घातलेली.
छतातून लोंबणारी वायर, तिला बल्ब नाही.
ओटा नाही. सिंक नाही. डबा ठेवायला एक फळी नाही.

"चोरी झाली काय?" आई विचारते.
मी ते हाइकेला विचारते, जरा सभ्य करून.
ती हसते. इथे भाडेकरू जाताना स्वयंपाकघर सोबत नेतात,
कपाटं, ओटा, सगळं. नव्यानं आपलं आणायचं.
मी आईला सांगते, आणि थांबते, की आता म्हणेल,
काहून बाप्पा, कसे लोक आहेत हे.

आई म्हणत नाही. उठून कूलर बंद करते.
मे महिन्यात कूलर बंद करते.
"गभण्याच्या घरून निघालो तेव्हा तू पोटात होती.
ओट्याचा कडप्पा आपण टाकला होता, आपल्या पैशानं.
तो म्हणे, राहू द्या ना, शोभून राहिला.
पैसे देतो, असं नाही म्हणाला.
तुझ्या बाबांनी पहारीनं काढला.
महालातून सायकलरिक्षात आणला. मी वर बसली,
हलू नये म्हणून."

तोच कडप्पा. मागच्या अंगणातला, धुण्याचा.
इतकी वर्षं मी त्यावर टाचा घासल्या
आणि विचारलं नाही, कुठला.

"सांग तिला," आई म्हणते, "बरोबर करतात."

मालकाला मी चालते. आता कागद.
पगाराच्या तीन पावत्या, पासपोर्ट, आणि
आधीच्या घरमालकाचं पत्र, की भाडं थकलेलं नाही.
मला घरमालक नाही, मी म्हणते, घर आईच्या नावावर आहे.
हाइके चष्मा वर करते. मग आई.

आईनं नझूलच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली.
फुलस्केप घेते, समास दुमडते.
'प्रमाणित करण्यात येते की'
"किती वर्षं टाकू?"
"तीस."
"एकोणतीस. होस्टेलचं एक कापते."
मग न थांबता, तिरप्या कारकुनी अक्षरात:
'सदर भाडेकरूकडे आजपावेतो कोणतीही रक्कम बाकी नाही.'
इथे पेन थांबतं.
"रक्कमच विचारली ना तिनं?"
"हो."
"मग ठीक आहे."
सही. तारीख. सहीखाली दोन ठिपके, नेहमीसारखे.

हाइके अजून त्या रिकाम्या खोलीत आहे.
ओटा करायचा तर मापं लागतील, म्हणते,
आणि भिंतीला टेप लावते.
मी लिहून घेते: दोन मीटर दहा, साठ,
खिडकीच्या खाली नव्वद.
वळून बघते तर आई खुर्चीत नाही.

मागच्या अंगणात टॉर्च हलते.
बादली सरकवल्याचा आवाज.
"चार फूट दोन इंच!" अंधारातून ओरडते,
"एक कोपरा उडाला आहे. तेही सांग."