वाटी भरलेली दिसली

उदगीरच्या भुसार लाईनीत एकेचाळीस वर्षं
मी दाण्याचा भाव लिहिला.
तोच दाणा फुकट टाकायची वेळ आली
तेव्हा हात जरा आखडला, खरं सांगतो.

पहिल्या दिवशी मूठभर ज्वारी, गच्चीच्या कठड्यावर.
कुणी आलं नाही.
दुसऱ्या दिवशी एक चिमणी, संशयी गिऱ्हाइकासारखी.
मान वाकडी करून दाणा बघे, मला बघे,
एक उचलून भुर्र.
सॅम्पल नेलं, म्हटलं. सौदा होणार.

आठवड्यात गल्लीभर खबर.
चिमण्या, साळुंक्या, होल्यांची एक जोडी,
आणि मग पारवे.
पारवे म्हणजे न बोलावता पंगतीला बसणारे,
पानावरून उठतच नाहीत.
रझियाबींच्या वाळवणाच्या मिरच्यांवर
त्यांनी सही-शिक्के मारले.
रझियाबी बोलल्या नाहीत.
मिरच्या धुतल्या, टँकरच्या पाण्यानं,
मला दिसेल अशा बेतानं.

महानंदा म्हणाली, "अहो, काय करायलाव?
नळाला पंधरा दिवसाला पाणी,
अन् तुम्ही पाखरायसाठी परळ भरायलाव!"
म्हणाली, आणि डाळ धुतलेलं पाणी
स्वतःच परळात ओतून आली.

मग मी वही घातली.
ज्वारी, सव्वा किलो. पाणी, अडीच तांबे.
जमेच्या बाजूला काय लिहावं कळेना,
म्हणून वेळ लिहिली:
सहा वाजून दहा. होला घुमला.

उन्हाळ्यात लेक लातूरहून आली ती पिंजरा घेऊन.
खोलीमालक ठेवू देईना.
दोन लव्हबर्ड, एक निळा, एक पिवळा.
त्यांना ज्वारी चालेना. राळा पाहिजे.
राळा!
दुष्काळात आई नाइलाजानं शिजवायची तो,
आता ज्वारीच्या तिप्पट भावानं,
चकचकीत पुडीत, वर पोपटाचं चित्र.
घेतला. घासाघीससुद्धा केली नाही.
लाईनीत कळलं असतं तर हसले असते.

निळा मोठा रसिक.
महानंदा भाकरी थापायला बसली
की थापेच्या तालावर डोकं हलवायचा.
ती म्हणे, इतक्या वर्षांत ह्या घरात
माझ्या भाकरीकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

भालकीला लग्न निघालं. तीन दिवसांचा प्रश्न.
रिक्षा दारात, मी घाईत डोकावलो:
वाटी काठोकाठ.
पाणी भरलं, कडी लावली.

तिसऱ्या रात्री परत आलो.
पिवळा कोपऱ्यात फुगून बसलेला.
निळा खाली, कागदावर.
वाटी तशीच काठोकाठ.
बोट घातलं.
नुसती फोलपटं.
आतला दाणा काढून साल तिथंच टाकतात ही पाखरं.

एकेचाळीस वर्षं
पोत्यात हात घालून मूठ काढली,
तळहातावर फुंकर मारली,
उडालं ते भूस, राहिला तो माल.
त्या एका फुंकरीनं किती सौदे मोडले मी.
नेमकी इथं मारायची राहिली.

वहीत त्या तारखेला काही नाही.
महानंदानं पुढं कितीतरी दिवस
भातच केला. भाताला आवाज नसतो.

गच्चीवर सगळे होते, जसेच्या तसे.
तीन दिवस कुठं जेवले कोण जाणे.
रझियाबींच्या कठड्यावर तांदळाची कणी दिसली,
आणि एक फुटका टवका, पाण्यानं भरलेला.
मी विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत.

पिवळा आहे अजून.
सोडून द्या, म्हणतात लोक.
समोरच्या तारेवर शिक्रा बसतो,
तो त्यांना दिसत नाही.

रोज सकाळी वाटी बाहेर काढतो,
तोंडाजवळ धरून फुंकर मारतो.
फोलपटं उडतात.
कठड्यावरच्या चिमण्या दाणा समजून धावतात,
चोच लावतात,
आणि मान वाकडी करून
माझ्याकडं बघतात.