दहा बाय चौदा

माग गेला किलोच्या भावानं,
जाताना उंबऱ्याचा टवका घेऊन गेला.
खोली उरली. खाली बोल्टची चार भोकं,
कमरेएवढ्या उंचीपर्यंत तेल,
आणि तेलावर कापसाची लव,
भिंतीला मिसरूड फुटल्यासारखी.

जी भाडेकरीण बघून गेली ती म्हणाली,
रंग द्या, मग येते.
साडेतीन हजार.

म्हणून गुरसिद्ध पेंटर आला खासबागेतून.
पूर्वी पाट्या रंगवायचा. एकच किराणा दुकान
तीनदा रंगवलं म्हणे, कधी ही भाषा वर, कधी ती,
तिन्ही वेळा पैसे रोख.
फ्लेक्स आल्यापासून खोल्याच.

टेप धरायला मला लावलं.
कागद नव्हता. भिंत रंगवायचीच आहे की, म्हणाला,
आणि कानामागची पेन्सिल काढून
तिथंच हिशोब मांडला:
चार भिंती चारशे ऐंशी, वरचं एकशे चाळीस,
अठरा रुपये फूट. पुट्टी, प्रायमर, दोन हात.
तेल घासायचं वेगळं, आठशे चाळीस.
रंग तेलाला धरत न्हाई, अक्का.

दार-खिडकी वजा कर की, मी म्हणाले.
ते कुणी करत न्हाई.
भोकाला रंग लागत न्हाई,
पण भोकाच्या कडा सांभाळायला लागतात.

हन्नेरडु साविर.
अकरा.
आगल्ल अक्का. हन्नोंदूवरे.
अकरा, मी म्हणाले, आणि मनात
साडेतीनानं भागत राहिले.
तीन महिने आणि वर थोडे दिवस
ती पोरगी फुकट राहिल्यासारखीच.

तो खिडकीशी वाकला. तिथं शट्टूप्पांचे आकडे,
ताना, बाना, सावकाराकडची येणी.
सगळे माझ्या ओळखीचे.
फक्त कोपऱ्यातली एक रांग कानडी आकड्यांची,
गोल गोल, मांजराच्या शेपटासारखी.
चौथीपर्यंत कानडी शाळेत होते ते.
मला कानडी बोलता येतं, भांडताही येतं,
आकडे येत नाहीत.
सुताचं काहीतरी असेल म्हणून
कधी विचारलं नाही.

गुरसिद्धानं बोट ठेवून वाचलं:
ऐदु. ऐदु. हत्तु. ऐदु. मत्ते हत्तु.
खाली एक अक्षर. चहा.

साखर निघाल्यावर आठ वर्षं
माझ्या हातचा चहा न घेतलेला माणूस!
मी आपली मेथीचं पाणी उकळत होते पहाटे,
आणि हा इथं, मागाच्या खडखडाटात,
कोपऱ्यावरून पाच रुपयांचा गोड मागवून
उधारी लिहीत होता मला न येणाऱ्या लिपीत.
हसू आलं. मग ते नीट हसूही राहिलं नाही.

हत्तु म्हणजे दोन कप, मी म्हणाले.
दुसरा कुणाचा?
नंगेन गोत्तु, अक्का.
मला काय ठाऊक.

जरा वेळानं म्हणाले, हे एवढं सोड.
एक फूट बाय एक फूट. अठरा रुपये कमी कर.
तो हसला नाही. धंद्याचं होतं.
सोडायचं म्हणजे जास्त काम, अक्का.
घासताना राखायला पाहिजे, टेप मारायला पाहिजे,
चारी बाजूंनी बारका ब्रश.
रंगवायचे अठरा,
न रंगवायचे दोनशे.

म्हणजे भोकाच्या कडाच की, मी म्हणाले.
होय की, म्हणाला.

पोरगीची कपाटाची जागा तिथंच येणार.
तिला काही दिसायचं नाही.
साडेअकरा धरून दोनशे वर, अर्धे आगाऊ,
नोटा त्यानं थुंकी लावून मोजल्या,
ओठ कानडीत हलत होते,
मी मराठीत मोजत होते, बरोबर आल्या.

सोमवारी टेप मारली.
चौकट जरा वाकडी बसली आणि मोठी झाली,
काढून परत मारायला तो तयार होता.
नको म्हटलं.
चहाच्या उधारीला लागूनच
त्याचे अठरा रुपये फूट आत आलेत,
आणि हन्नेरडु साविरवर मारलेली काट.