भिंतीवर शाश्वत

तालुक्याहून कागद आला :
‘शाश्वत ग्राम’, निळा रंग, अक्षर दीड फूट.
बोडीटोल्याच्या पंचायतीची भिंत. चुन्याचे दोन हात दिले,
तरी खालून डोकावत होते
नारू, लाल त्रिकोण, हत्तीपाय.
बापाचंच अक्षर ते. त्याचा तो वाकडा ‘र’.

‘शा’ झाला. ‘श्व’पाशी हात अडला.
जोडाक्षराला जागा किती सोडायची
ते कागदावर नसतं.

सयत्रा वलथरे तळ्यावरून येत होती,
डोक्यावर मासोळीची ओली टोपली.
“काय लिवून राह्यला गा, धनपाल?”
शाश्वत.
“म्हंजे?”
म्हंजे साहेब म्हणाले, सस्टेनेबल.
कुठल्या तरी जुन्या, दूरच्या भाषेत
खालून धरून ठेवणं.
“गुंड कमरेवर घेतो तसं?”
असेल, म्हटलं.

मग आपल्यातलं शोधू लागलो.
टिकाऊ म्हणावं, तर टिकाव भिंतीलाच टेकलेला,
मागच्या आठवड्यात त्यानंच
मुरमासाठी पाळ फोडली होती.
पुरणं म्हणावं,
तर चार घरांना पुरतं तेही पुरणं
आणि मातीखाली जातं तेही.
“तेच तं,” ती म्हणाली,
“चिखलात देवधान पुरलं,
तवा मासोळी पुरली.
तुमालेच ते दोन वाटते.”

टोपली उतरवताना तिचा हात थांबला.
एक मरळ, पोट तट्ट,
कल्ले अजून हलत होते.
“हे चुकून आली. अंड्याची हाय.”
तळं अर्धा मैल मागे, डांबर तापलेलं.
मरळ ओल्या पदरात गुंडाळून ती परत निघाली.
जाळ्यातून सोडता तेव्हा काय म्हणता याला?
मी मागून ओरडलो.
“काई म्हनत नाई गा.
राहू दे म्हंतो.”

टोपली भिंतीशी तशीच. मांजर हाकलत बसलो.

दिवस कलताना ‘शाश्वत’ पुरा झाला.
‘ग्राम’ला रंग पुरला नाही.
गुरुवारी साहेब फोटोला येणार,
तोवर साकोलीहून एक डबा आणावा लागेल.

उन्हात चुना वाळला तसा
बापाचा ‘र’ पुन्हा वर आला,
‘त’च्या पायाशी.
ब्रश उचलला होता.
खाली ठेवला.

निळे हात घेऊन तळ्याकडे निघालो,
आणि पाळीवरून मागे फिरून
घरूनच बादली घेतली.