वीज नव्हती

पहाटे पाचला मी बटण दाबतो
आणि व्हाळ गप्प होतो.
मोटरीच्या आवाजाखाली गोट्यांवरचं पाणी ऐकू येत नाही,
म्हणून म्हणतो गप्प.
खरं तर तो तेव्हा पाइपातून
वरच्या वाडीकडे चढत असतो,
उलटा.

मार्चमध्ये नाझनीन मुकादम आली, दापोलीहून,
गुडघाभर पाण्यात उभं राहायच्या तयारीने.
पाणी घोट्याला लागलं.
तिने जाळं लावलं, बादलीत मासे मोजले,
वहीत लिहिले, परत सोडले.
बंधाऱ्याच्या वर एकशे बारा, खाली एकशे चार.
मी म्हटलं, मग फरक कुठाय?
काका, डोकी नका मोजू, घराणी मोजा.
वर अकरा.
खाली तीन.
डबक्यात निभावणारे तेवढे टिकले:
डाकू, जो वर येऊन हवा गिळतो,
मळवे,
आणि मलेरियावाल्यांनी सोडलेले गप्पी.
धारेला तोंड करून उभा राहणारा
एकही नाही.

आमच्या लहानपणी एक होता, करंगळीएवढा,
पोटाने दगडाला चिकटायचा.
आम्ही त्याला चिकट्या म्हणायचो.
तळहातावर घेतला तर झटकूनही सुटायचा नाही.
नाझनीनने त्याचं खरं नाव सांगितलं, लांबलचक,
मला धरून ठेवता आलं नाही.

पाणी जातं कुठे, ते मला ठाऊक आहे.
एकशे साठ नळ. शाळा. मांडवकरांची बाळंतीण सून.
खाडीकडची दोन रिसॉर्टं, त्यांची हिरवळ.
सुरुंग लावून कातळात बसवलेली कलमं.
आणि माझ्याच मोरीतलं पिंप.
कुणाचा नळ खोटा म्हणू?

एप्रिल सरता सरता
बंधाऱ्याखाली नुसती ओल उरली.
एका कोंडात मासे इतके दाटले
की पाणीच वळवळतंय असं वाटावं.
काठाला बगळा,
त्याला काही घाई नव्हती.

त्या दिवशी मी बटण साडेसहाला दाबलं.
रजिस्टरात लिहिलं: वीज नव्हती, दीड तास.
दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं.
तिसऱ्या दिवशी सरपंचबाईंनी विचारलं,
भिकाजी, तुझ्याच पंपाची वीज कशी रे जाते?
म्हटलं, लाइन जुनी आहे.

चिकट्या आला का, म्हणून मी रोज दगड उलटतो.
नाही.
पण पाच ते साडेसहा
आवाज असतो हल्ली, बारीक,
सुपात कुणी वाल निवडतंय
तसा.