पावणेसात

मुद्देमालाच्या खोलीत माझ्या ताब्यात
एक मारुती आहे.
कागदाच्या लगद्याचा, शेंदरी,
खाकी कापडात बांधलेला, गाठीवर लाख,
लाखेवर ठाण्याचा शिक्का.
सोबत लाकडी तलवार, नग एक, वर्ख उडालेला.
पावतीवर सही माझी.

धुळवडीला वीर निघाले होते गोदाघाटाकडे,
लाल फडक्यात पूर्वजांचे टाक घेऊन.
चंद्रभान लोणारी, वय एकेचाळीस, राहणार गणेशवाडी,
दरसालप्रमाणे मारुती होऊन नाचत होता.
रामकुंडाच्या पायरीवर एका बाईने त्याचा दंड धरला
आणि तलवार तिच्या मनगटावर बसली.
हाड चिरलं.
इथवर दोन्ही बाजूंना मान्य.

बाई म्हणजे शिपाई रंजना बेंडकुळे,
बक्कल नंबर एकवीसशे चार,
साखळीचोरांच्या मागावर, साध्या वेशात.
मोतिया साडी, गालावर कुणीतरी लावलेला गुलाल.

उपासनीबाई सरकारतर्फे बोलल्या, नेहमीसारख्या भरभर:
लोकसेवक होती, कर्तव्यावर होती,
बळ वापरलं गेलं, दुखापत झाली,
वर तोंड झाकलेलं.

वडनेरे वकिलांनी आधी पंखा बंद करायला लावला.
मग म्हणाले, साहेब, तोंड झाकणं हा गुन्हा नव्हे.
गुन्ह्याच्या इराद्याने झाकलं, तर गुन्हा.
हा मुखवटा याच्या आजाच्या नवसाचा.
मुखवटा पंचेचाळीस सालचा, इरादा कधीचा धरायचा?
आणि बाईंना पोलीस म्हणून ओळखायचं कशावरून?
वेषांतर नक्की कोणी केलं होतं?

मागच्या बाकांवर हसू फुटलं.
बेंडकुळे हसली नाही.
मी ओरडले होते, पोलीस म्हणून.
ढोल किती होते?
सात.
त्यातून त्याला ऐकू गेलं असेल?
ती थांबली. प्लास्टरातली बोटं हलवली.
"नसेल," म्हणाली. "माझं मलाच आलं नाही."
उपासनीबाईंनी फायलीत मान घातली.

दंड का धरलात?
पायाखाली एक पोर येत होतं. कृष्ण केलेलं.
चोर पकडणं तुमचं कर्तव्य. पोर उचलणं?
त्यावर साहेबांनी चष्मा काढून पुसला, तेवढंच.

मग सूर्यास्ताचा घोळ.
तोंड झाकून सापडण्याचं कलम
सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच चालतं.
घाव बसला पावणेसातला.
उपाहारगृहातलं कॅलेंडर आणलं, खिळ्यासकट:
सूर्यास्त सहा सत्तेचाळीस.
म्हणजे उजेड होता, वडनेरे म्हणाले.
तो मुंबईचा सूर्य, उपासनीबाई म्हणाल्या,
आपला चार मिनिटं आधी बुडतो.
म्हणजे मुंबईत दिवस आणि नाशकात रात्र,
आणि मधल्या दोन मिनिटांत तो माणूस
आरोपी की वीर, हे ठरायचं.
घड्याळ कोणाचं होतं?
बेंडकुळेचं.
बरोबर चालतं?
पाण्यात पडलं, साहेब. तेव्हापासून बंद आहे.

शेवटी ओळख पटवण्यासाठी गाठ सोडायची आज्ञा झाली.
मी सोडली. एक कान उंदराने खाल्लेला.
लोणारीने मुखवटा चढवला,
पिंजऱ्यात ताठ उभा राहिला, हात नेमके कुठे ठेवावेत ते न कळून.
कोणी काही बोलेना.
दारातल्या सखाहरी पट्टेवाल्याने
चपला काढल्या, बाजूला सरकवल्या.
बेंडकुळेने त्या शेंदरी तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.
"हाच होता," ती म्हणाली,
आणि जरा वेळाने, खालच्या आवाजात,
"आतला मी पाहिलाच नव्हता."

स्टेनोने विचारलं, हे शेवटचं वाक्य घ्यायचं का?

पुढची तारीख एकोणीस.
मी मारुतीला परत गुंडाळलं. आतून ओलसर होता,
नाकाच्या पोकळीत पेन्सिलीने एक नाव, पुसट, लोणारीच कुणीतरी.
पंचनाम्यात ते नाही. मीही लिहिलं नाही.
लाख वितळवताना अंगठा भाजला.
त्याची नोंद कुठेच नाही.